आधी पेटी बघा, मग बेडूक

पाळलेल्या बेडकाची तब्येत बघायची वेळ म्हणजे रात्र. दिवसा धडधाकट बेडूकही एका जागी मख्ख बसून असतो आणि मरणाच्या दारात असलेलाही तसाच बसतो. नव्या मालकाला दोघांतला फरक कळत नाही. दिवे मंद करून पेटीपुढे थोडा वेळ बसावं. गळ्याखालची कातडी एका लयीत हलते आहे का? मागचे पाय अंगाशी घट्ट दुमडलेले आहेत की सैल पडून बाजूला पसरलेत? समोर रातकिडा सोडल्यावर मान वळते का? झाडावर राहणारा बेडूक काचेला चिकटायचं सोडून दिवसेंदिवस पाण्याच्या वाटीत बसू लागला, तर ती काही नवी हौस नव्हे. आणि एक साधी परीक्षा डॉक्टरही करतात: ओले हातमोजे घालून बेडकाला हळूच उताणं करायचं. निरोगी बेडूक लगेच पालथा होतो. तसाच पडून राहिला, तर सकाळपर्यंतही थांबू नये.

बेडकाची बहुतेक नेहमीची दुखणी पेटीतच तयार होतात. पाण्यात, तापमानात, खाण्यात. म्हणून औषध शोधण्याआधी पेटी तपासायची. कुत्र्या-मांजरांची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. पण पेटी न सुधारता दिलेलं औषध बेडकाला चार दिवस बरं करतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा पाडतं.

बेडूक पाळण्याचा छंद मुख्यतः अमेरिका, युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलियातला. तिथल्या दुकानांतल्या जाती साधारण ठरलेल्या. ऑस्ट्रेलियाचा गुबगुबीत हिरवा 'व्हाइट्स ट्री फ्रॉग', नीट ठेवला तर पंधरा वर्षांहून जास्त जगतो. दक्षिण अमेरिकेचा 'पॅकमन', जवळजवळ निम्मं शरीर तोंडच असलेला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले झगमगीत रंगांचे विषारी बाणबेडूक. हे पेटीत जन्मले की विषारी नसतात, कारण त्यांचं विष रानातल्या मुंग्या आणि माइट खाऊन येतं. आणि पाण्याबाहेर राहूच न शकणारे आफ्रिकन बुटके बेडूक. न्यू जर्सीतल्या किंवा सिडनीतल्या मराठी घरात मुलांच्या हट्टापायी यातलाच एखादा येतो. आपल्याकडेही हौशी लोकांकडे ते दिसू लागलेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करायची असते, आणि बाणबेडूक त्या यादीत आहेत, हे दुकानदार सांगेलच असं नाही. पावसाळ्यात अंगणात आलेला बेडूक डब्यात घालून 'पाळणं' मात्र कोणीच करू नये. तो बिचारा पेटीत खात नाही, आणि अंगावरचे जंतू आणि पोटातले जंत घेऊन येतो ते वेगळंच.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाचा खालचा भाग आणि मांड्यांच्या आतली पातळ कातडी ओल्या जागी टेकवून तो बसतो आणि पाणी अंगात ओढून घेतो. फुप्फुसं असली तरी श्वासाचा मोठा वाटा याच कातडीतून चालतो. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड या क्षारांची आवकजावकही तीच सांभाळते. म्हणजे पाण्याच्या वाटीत जे आहे ते थोड्याच वेळात बेडकाच्या रक्तात आहे. त्याच्या आजारांबद्दलचं निम्मं ज्ञान एवढ्यात येतं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन बादली दिवसभर उघडी ठेवली की बराचसा उडून जातो. अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात. ते असं उडत नाही, त्यासाठी माशांच्या दुकानात मिळणारं क्लोरीन घालवायचं औषध टाकावं लागतं. आपल्याकडचा हौशी माणूस बरोब्बर उलटी चूक करतो. बेडकाला 'शुद्ध' म्हणून आरओचं पाणी देतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात बेडूक सतत बसला की त्याच्या अंगातले क्षार बाहेर झिरपतात, पाणी आत शिरत राहतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. फुगलेला बेडूक बघून लोक त्याने जास्त खाल्लं म्हणतात. पण कातडीखाली किंवा पोटात पाणी साठून तो फुगलेला असू शकतो. हा बेडकाचा जलोदर. मूत्रपिंड, हृदय, जंतुसंसर्ग, वाईट पाणी असं त्याच्यामागे काहीही असतं. अशा बेडकाला घरी सुई टोचून पाणी काढण्याचे व्हिडिओ बघायला मिळतात. ते बघू नयेत.

अमोनिया हा आणखी एक गुप्त शत्रू. पॅकमन आठवडाभर एकाच जागी मातीत रुतून बसतो आणि स्वतःच्याच मूत्रात भिजत राहतो. बुटक्या बेडकांची टाकी नवी असेल, तर मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथल्या फिल्टरमध्ये अजून वाढलेले नसतात. त्यांना काही आठवडे लागतात. मालक मात्र काच स्वच्छ दिसते म्हणून निश्चिंत. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, तो मोजण्याचं किट माशांच्या दुकानात मिळतं. बेडूक एकाएकी काचेवर धडका मारत उड्या घेऊ लागला, अंगाला नेहमीपेक्षा जास्त बुळबुळीतपणा आला, पायांना झटके यायला लागले, तर आधी त्याला क्लोरीन नसलेल्या ताज्या पाण्यात हलवावं. कारण नंतर शोधता येतं.

आणि घरातल्या हवेचंही तेच. डासांचं मशीन, झुरळांचा फवारा, फरशी पुसायचं फिनाइल, हाताला लागलेला साबण किंवा सॅनिटायझर, हे सगळं बेडकाच्या कातडीतून आत जातं. पेटी असलेल्या खोलीत पेस्ट कंट्रोल करून घेणं म्हणजे बेडकालाच औषध मारणं. हातात घ्यायचाच असेल तर पावडर नसलेले हातमोजे घालून, ते पाण्याने ओले करून घ्यावा.

आता फार पूर्वी नोंदलेला एक आजार. मांड्यांच्या आतली बाजू आणि पोट लालभडक होतं, बेडूक मलूल पडतो, खात नाही, कातडीवर फोड येतात आणि दोन-चार दिवसांत मरतो. एमर्सन आणि नॉरिस या दोघांनी १९०५ साली याचं 'रेड लेग' म्हणून वर्णन केलं. त्या काळी प्रयोगशाळांमध्ये बेडूक खच्चून भरलेल्या हौदांत ठेवत. दोष बहुतेकदा एरोमोनास नावाच्या जिवाणूवर येतो. पण हा जिवाणू तळ्यात, टाकीत, धडधाकट बेडकाच्या आतड्यातही असतोच. बेडूक थंडीने, गर्दीने किंवा घाण पाण्याने खचला की तो रक्तात शिरतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि कातडी लाल दिसते. शिवाय रानाव्हायरस नावाच्या विषाणूने किंवा बुरशीनेही अशीच लाली येते. त्यामुळे लाल पाय दिसले की आजार कळला असं नाही, बेडूक अत्यवस्थ आहे एवढंच कळलं. डॉक्टर प्रतिजैविक देतात, पुष्कळदा थेंब पाठीवर सोडून. तीच कातडी इथे उपयोगी पडते. उपचार पहिल्या दिवशी सुरू झाले तर आशा असते.

बुरशीचं प्रकरण याहून मोठं आहे, आणि त्याचा एक धागा थेट पाळीव बेडकांपर्यंत येतो. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत बेडूक धडाधड मरू लागले. पाणी स्वच्छ, झाडं जागेवर, तरी ओढ्याकाठी मेलेले बेडूक. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे बाणबेडूक मेले. त्यांच्या कातडीतून वाढवलेल्या बुरशीचं जॉयस लॉंगकोर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली वर्णन केलं आणि नाव दिलं बट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस. सगळे तिला कायट्रिड म्हणतात. तिचे बीजाणू शेपटीवर पोहतात, बेडकाच्या कातडीच्या वरच्या थरात शिरतात आणि तिथेच वाढतात. खोल जात नाहीत, आतल्या अवयवांना शिवत नाहीत. मग बेडूक मरतो कशाने, हे कोडं दहा वर्षं सुटलं नव्हतं.

२००९ मध्ये जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या ट्री फ्रॉगवर, म्हणजे दुकानात मिळतो त्याच जातीवर, ते सोडवलं. लागण झालेल्या कातडीची क्षार आत घेण्याची ताकद निम्म्याहून कमी झाली होती. रक्तातलं सोडियम साधारण २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम ५० टक्क्यांनी उतरलं होतं. शेवटी हृदय बंद पडत होतं. आजारी बेडकांना तोंडावाटे क्षार दिले, आपण जुलाबात जलसंजीवनी देतो तसे, तेव्हा ते काही तास जास्त जगले. काही तासच, कारण बुरशी जागेवरच होती.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीने या बुरशीमुळे बेडूक-सॅलमँडर वर्गातल्या ५०१ जाती घटल्याचं आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्याचं मांडलं. त्या आकड्यांवर पुढे वादही झाला, पण नुकसान अफाट आहे याबद्दल दुमत नाही. त्याआधी, २०१८ मध्ये, जनुकांच्या अभ्यासातून बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला असल्याचं दिसलं आणि ती जगभर नेणारी वाट म्हणजे बेडकांचा व्यापार: पाळण्यासाठी, खाण्यासाठी, प्रयोगांसाठी. व्यापारात फिरणाऱ्या जनावरांच्या अंगावर बुरशीच्या निरनिराळ्या वंशशाखा सापडल्या. आपला सह्याद्रीही यातून सुटलेला नाही. उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ही बुरशी असल्याचं संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. पण तिथे सापडलेली शाखा आशियातलीच स्थानिक आहे आणि घाटात ऑस्ट्रेलियासारखी सामूहिक मरतूक नोंदलेली नाही. बाहेरची जहाल शाखा एखाद्या पाळीव बेडकाबरोबर इथे उतरली, तर काय होईल, याचा प्रयोग कोणी घरबसल्या करू नये.

पेटीत कायट्रिड कशी ओळखायची? बेडूक एरवीही काही दिवसांनी कात टाकतो. पाठीला बाक देतो, जांभया दिल्यासारखं तोंड उघडतो, हातांनी कातडी डोक्यावरून ओढून तोंडात भरतो आणि गिळून टाकतो. काही मिनिटांत काम संपतं, मागे काही उरत नाही. ही कात तुकड्यातुकड्यांनी अंगावर लोंबत राहिली, पाण्यात तिचे पापुद्रे तरंगू लागले, जोडीला बेडूक दिवसा उघड्यावर पाय पसरून बसू लागला, तर संशय घ्यावा. डॉक्टर कापसाची काडी पोटावर आणि बोटांमध्ये घासून प्रयोगशाळेत पाठवतात. उपचार आहे. इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या अगदी पातळ द्रावणात रोज पाच मिनिटं, दहा-अकरा दिवस. या बुरशीला २५ अंशांपर्यंतचा गारवा मानवतो, तिशीच्या घरात ती टिकत नाही. त्यामुळे उष्णता सोसणाऱ्या जातींमध्ये तापमान वाढवूनही उपचार करतात. पण गारव्यातल्या बाणबेडकांना ३० अंशांत ठेवलं, तर बुरशीआधी बेडूकच जातो. नवा बेडूक आणला की तो कितीही टवटवीत दिसो, त्याला दीड-दोन महिने वेगळ्या पेटीत, वेगळ्या चिमट्या-वाटीसह ठेवावं. हा नियम मोडण्याचा मोह सगळ्यांना होतो.

खाण्यातून होणारे आजार सावकाश येतात. दुकानातले रातकिडे खाऊन बेडूक जाडजूड होतो, तरी आतून उपाशी असतो, कारण रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतलं कॅल्शियम उपसू लागतं. हा बेडकाचा मुडदूस. खालचा जबडा रबरासारखा लवचीक होतो, तोंड नीट मिटत नाही, पाठीला बाक येतो, मांडीचं हाड साध्या उडीतही मोडतं, आणि शेवटी बोटं थरथरू लागतात. उपाय स्वस्त आहे. रातकिड्यांना बेडकापुढे टाकण्याआधी दिवसभर हिरवा पाला, गाजर, कॅल्शियमचं खाद्य पोटभर चारायचं, आणि टाकताना पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळायचं. सोबत ड जीवनसत्त्व हवं, पावडरीतून किंवा सौम्य यूव्हीबी दिव्यातून. काचेआडच्या उन्हाचा उपयोग नाही. ते किरण काच अडवते. मोडलेलं हाड जुळतं, वाकलेला जबडा मात्र बहुधा वाकडाच राहतो.

अ जीवनसत्त्वाचा अभाव याहून विचित्र रूप घेतो. अमेरिकेत वायोमिंग टोड या जवळजवळ संपलेल्या जातीचं पेटीत प्रजनन सुरू होतं, तिथे हे ठळकपणे दिसलं. बेडकाला भूक आहे. तो रातकिडा बघतो, नेम धरतो, झेप घेतो, जीभ किड्यावर बसते. आणि किडा तसाच चालत पुढे जातो. जीवनसत्त्व नसल्याने जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशींच्या जागी कोरड्या, चपट्या पेशी आलेल्या असतात. जीभ काहीच धरत नाही. चार-पाच वेळा हुकल्यावर बेडूक प्रयत्नच सोडतो आणि मालक म्हणतो, हल्ली हा खात नाही. पापण्या सुजणं आणि वारंवार जंतुसंसर्ग होणं ही याचीच भावंडं. डॉक्टर अ जीवनसत्त्वाचा थेंब पाठीवर किंवा तोंडात देतात. घरातली माणसांची कॅप्सूल फोडून देऊ नये, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेकही विषच.

पोटाच्या तक्रारींत पहिला नंबर पॅकमनचा. तो समोर हलेल त्यावर झडप घालतो आणि किड्याबरोबर खडी, सालीचे तुकडे, शेवाळ असं सगळं गिळतो. बारीक खडा आतड्यात अडकला की शौच बंद, पोट टणक. म्हणून पेटीच्या तळाशी एकतर बेडकाच्या तोंडात मावणारच नाहीत असे मोठे दगड किंवा बारीक चाळलेलं कोकोपीट. मधलं काही नको. शौचाच्या जागेतून गुलाबी मांसल गोळा बाहेर आलेला दिसला, तर ते आतडं किंवा मूत्राशय असतं. ते ओलं ठेवून, कोरडं पडू न देता, तासाभरात डॉक्टरकडे न्यावं.

तोंडातून असाच गोळा बाहेर आला तर मात्र घाबरायच्या आधी एक मिनिट थांबून बघावं. नको ते गिळलं गेलं की बेडूक आपलं जठरच उलटं करून तोंडाबाहेर काढतो, हाताने पुसून साफ करतो आणि परत गिळतो. नाइटो आणि वासरसग यांनी १९९६ साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की हे काम बेडूक उजव्या हाताने करतो, कारण जठराला धरून ठेवणारा पडदा उजवीकडे आखूड असल्याने ते उजव्याच बाजूला लोंबतं. जठर परत आत गेलं तर ठीक. बाहेरच राहिलं, तर तो आजार.

लठ्ठपणाकडे लोक कौतुकाने बघतात. व्हाइट्स ट्री फ्रॉगच्या डोळ्यांवरच्या वळ्या वाढून डोळे झाकू लागल्या, तर त्याला खाणं कमी हवं आहे. पिठातले किडे आणि उंदराची पिल्लं खाऊ घालण्याची हौस त्यामागे असते. याच चरबीतून काहींच्या बुब्बुळावर पांढरट पडदा येतो. तो मोतीबिंदू नव्हे, कोलेस्टेरॉलचा थर असतो, आणि एकदा आला की सहसा जात नाही. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुष्कळ झालं. स्वयंपाकघरातला नव्हे, वेगळा विकत घेतलेला ग्रॅमचा काटा ठेवून आठवड्याला वजन लिहावं. वजन उतरत असेल तर शौचाची जंतांसाठी तपासणी करून घ्यावी.

तापमानाबद्दल थोडंच. बेडकाचं पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही बाहेरच्या उष्णतेवर चालतात. गार पडलेल्या पेटीत खाल्लेलं पोटात कुजतं. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे: विदर्भातला मे महिना बाणबेडकासाठी नाहीच. वीज गेली तर काय, याचं उत्तर तयार नसेल त्याने ही जात आणू नये.

बेडूक बघणारा पशुवैद्य मिळणं आपल्याकडे अवघड, म्हणून तो बेडूक आणण्याआधीच शोधून ठेवावा. जाताना झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यावर बेडूक. सोबत पेटीचा फोटो, तापमानाची आणि वजनाची नोंद, ताजं शौच आणि वाटीतलं पाणी वेगळ्या बाटल्यांत. चांगला डॉक्टर बेडकाआधी पेटीबद्दल विचारतो.

घरातल्या माणसांचाही विचार हवा. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात आफ्रिकन बुटक्या बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली; ४४ राज्यांत साडेतीनशेहून जास्त रुग्ण, बहुतांश लहान मुलं. बेडकाला हात न लावता नुसत्या टाकीच्या पाण्यानेही ही लागण होते. म्हणून टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात बेडूक नकोच. पाणी बदललं की ते अंगणात, गटारात किंवा ओढ्यात ओतायचं नाही. ब्लीच मिसळून थोडा वेळ ठेवावं आणि संडासात टाकावं. मेलेला बेडूकही बागेत पुरू नये. कारण कळायला हवं असेल, तर त्याला पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवावं, फ्रीझरमध्ये नव्हे, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे द्यावं. बेडकाचं शरीर फार लवकर कुजतं, आणि गोठवलं तर पेशी फुटून सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. त्याच पेटीत आणखी बेडूक असतील, तर त्यांना काय द्यायचं हे त्या तपासणीवरच ठरतं.